मांजराची पिल्लं आणि उशिरा उघडलेले डोळे

मेंदू वस्तू कशा ओळखतो, या संशोधनाचा इतिहास बहुतेक पुस्तकांत एकाच साच्यात सांगितला जातो. १९५८ साली ह्यूबेल आणि वीझेल मांजराच्या मेंदूतल्या एका पेशीचे संकेत ऐकत होते. ठिपके दाखवले तर ती गप्पच. काचपट्टीच्या कडेची सावली सरकली आणि ती बोलायला लागली. पुढे १९७२ मध्ये चार्ल्स ग्रॉस यांच्या गटाने माकडाच्या मेंदूत हाताच्या आकाराला प्रतिसाद देणाऱ्या पेशीची नोंद केली. रेषेपासून हातापर्यंत असा हा जिना. १९८१ ला ह्यूबेल-वीझेल यांना नोबेलही मिळालं.

आमचा आक्षेप या जिन्यावर नाही, त्यात काय सुटतं यावर आहे. पोळ्याचा बैल बघा. झूल, रंगवलेली शिंगं, जमिनीवरची सावली. रेषा शेकडो, बैल मात्र एकच. हे एकपण मेंदू कुठून शिकतो?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. त्याच दोघांनी पिल्लांचा एक डोळा शिवून ठेवला. नंतर उघडला तरी त्या डोळ्याने जवळजवळ दिसेना. यातून लोकांनी सरसकट निष्कर्ष काढला: वय उलटलं की ऑपरेशन करून उपयोग नाही.

पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने हा निष्कर्ष तपासायला घेतला. जन्मापासून न दिसणाऱ्या, ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवर उपचार झाल्यावर त्यांची चाचणी घेतली; ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना लगेच नजरेने ओळखता येईना. पण काही दिवसांतच जमू लागलं. २००९ च्या अभ्यासात असंच दिसलं: एकमेकांवर आलेले वर्तुळ आणि चौकोन नव्याने पाहणाऱ्यांना तुकडे-तुकडे वाटत, आकृती हलवली की मात्र ‘हे एक, ते दुसरं’ असं कळे. म्हणजे बैल चालू लागला की बैल होतो!

या मुलांची नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही, हेही खरंच. म्हणून ऑपरेशन लवकरच हवं. पण ‘उशीर झाला’ आणि ‘उपयोग नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पालमहून परभणी-नांदेडचा रस्ता धरायचा की नाही, हे एखाद्या घरात या फरकावरच ठरतं. इतिहास लिहिणाऱ्यांनी तो फरक पुसू नये, एवढंच आमचं म्हणणं.