कार्यशाळा छान झाली, पण मुलांचं इंग्रजी?

इंग्रजीच्या शिक्षकांसाठी होणाऱ्या कार्यशाळांवर संशोधन करायचं तुमच्या मनात असेल, तर सुरुवात शेवटापासून करा. म्हणजे कार्यशाळेच्या शेवटी वाटल्या जाणाऱ्या फीडबॅक फॉर्मपासून. 'सुलभकांनी विषय सोपा करून सांगितला का?', 'उपक्रम वर्गात उपयोगी पडतील का?' एक ते पाच गुण द्या. वेळ साडेचारची, एसटी गाठायची घाई, आणि ज्यांना गुण द्यायचे ते सुलभक समोरच उभे. अशा वेळी दोन गुण कोण देणार? मग या फॉर्मची सरासरी काढायची, दोन स्तंभालेख जोडायचे आणि 'कार्यशाळा प्रभावी ठरली' असं लिहून मोकळं व्हायचं. विज्ञान शाखेत थर्मामीटर बरोबर आहे की नाही हे आधी तपासायची सवय लागते, म्हणून मला हे जास्तच खटकतं. त्या फॉर्मने मोजला तो त्या दिवशीचा मूड. इंग्रजीचा त्यात संबंध कुठे आला?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे सांगितले होते: सहभागींना कसं वाटलं, ते काय शिकले, कामात काय बदललं आणि शेवटी परिणाम काय झाला. आपण पहिल्याच पायरीवर सतरंजी अंथरून बसलोय. वरच्या पायऱ्या महाग पडतात हे खरं आहे, पण म्हणून पहिलीलाच चौथी म्हणायचं का?

वरच्या पायरीवर किती कमी माणसं पोचतात ते २००७ च्या एका अमेरिकन आढाव्यात दिसतं. यून आणि सहकाऱ्यांनी शिक्षक प्रशिक्षण आणि मुलांची प्रगती यांविषयीचे १,३०० हून अधिक अभ्यास चाळले. पुराव्याच्या कसोटीवर टिकले फक्त ९! त्या नऊमध्ये प्रशिक्षणाचे तास सरासरी ४९ होते, आणि हाच आकडा पुढे 'किमान ४९ तास हवेतच' अशा नियमासारखा वापरला गेला. तसा नियम त्या आढाव्यातून निघत नाही. नऊ अभ्यासांची ती सरासरी आहे, आणि तेही सगळे प्राथमिक शाळांतले. कुणी हा आकडा तुमच्या तोंडावर फेकला तर एवढं लक्षात ठेवा.

आता एक चांगला पेपर. सिलियर्स आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२२ मध्ये जर्नल ऑफ डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्समध्ये आला. ठिकाण दक्षिण आफ्रिकेतला मपुमलांगा प्रांत. मुलांच्या घरची भाषा इसिझुलू किंवा सिस्वाती, आणि इंग्रजी दुसरी भाषा. म्हणजे आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या शाळांच्या बरंच जवळचं चित्र. शाळांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने केली. काही शाळांत कोच प्रत्यक्ष वर्गात येऊन शिक्षकांना मदत करायचे. काही शाळांत शिक्षकांना टॅबलेट दिले आणि कोच फोनवरून बोलायचे. उरलेल्या शाळा नियंत्रण गटात. तीन वर्षांनी बघितलं तर प्रत्यक्ष कोच असलेल्या शाळांत मुलांचं इंग्रजी बोलणं-समजणं ०.३१ प्रमाण विचलनाने आणि वाचन ०.१३ ने सुधारलेलं. दूरस्थ कोचिंगमध्ये बोलणं-समजणं ०.१२ ने वर, वाचनात मात्र काहीच फरक नाही.

इथवर वाचून 'प्रत्यक्ष चांगलं, ऑनलाइन वाईट' असं लिहून मोकळे होऊ नका. दोन गटांत फरक फक्त कोचचा नव्हता. एका गटाकडे छापील पाठ नियोजन होतं, दुसऱ्याकडे टॅबलेटवरचं. परिणाम कोणत्या गोष्टीचा, कोच समोर असण्याचा की टॅबलेटचा, हे या आराखड्यातून पूर्ण सुटं करता येत नाही. माझ्या मते ही या अभ्यासाची खरी मर्यादा आहे. पॅकेजची तुलना झाली, घटकांची नाही.

पण मला हा पेपर आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. त्यांनी मुलांची घरच्या भाषेतली साक्षरताही तपासली, आणि दूरस्थ कोचिंगच्या शाळांत ती घसरलेली निघाली. कार्यक्रम इंग्रजीचा होता, नुकसान झालं ते घरच्या भाषेचं. ती चाचणी घेतलीच नसती तर? दूरस्थ कोचिंगच्या अहवालात 'इंग्रजीत थोडी सुधारणा, खर्च कमी' एवढंच छापून आलं असतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हापासून प्रशिक्षणं पुष्कळ झाली. 'तेजस'सारख्या प्रकल्पाने तर एकदाच भरणाऱ्या कार्यशाळेऐवजी शिक्षकांचे स्थानिक गट नियमित भेटतील अशी रचना केली, आणि ती दिशा मला बरोबर वाटते. तुम्ही अशा गटांवर काम करणार असाल, तर निदान दहा-बारा शाळांत, ज्यांचे शिक्षक गटात आहेत आणि ज्यांचे अजून नाहीत अशा दोन्हींत, वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांना एक छोटा इंग्रजी उतारा वाचायला द्या. आणि त्याच मुलांना, त्याच दिवशी, एक मराठी उताराही. त्याने फार तर प्रत्येक मुलामागे पाच मिनिटं वाढतील.