बिनविरोध निवडीचा अर्थ : यशवंतराव चव्हाण आणि नाशिक लोकसभा मतदारसंघ

महाराष्ट्राच्या राजकीय चरित्रलेखनात काही प्रतिमा इतक्या रूढ झाल्या आहेत की, त्यांच्या आड गेलेला इतिहास शोधण्याची गरजही कोणास वाटत नाही. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' ही अशीच एक प्रतिमा. चीनच्या आक्रमणानंतर कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि २१ नोव्हेंबर १९६२ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी देशाचे संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. त्याच दिवशी चीनची एकतर्फी युद्धबंदी अमलात आली. त्या काळातील महाराष्ट्राची भावना या प्रतिमेत नेमकी उतरली आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु सह्याद्री दिल्लीस गेला तो कोणत्या मतदारांच्या वतीने, हा प्रश्न ही प्रतिमा विचारत नाही. त्याचे उत्तर नाशिक हे आहे. १९६३ च्या पोटनिवडणुकीत चव्हाण नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. बहुतेक चरित्रकारांनी ही घटना एका वाक्यात आटोपली आहे व त्या वाक्याचा सूर गौरवाचा आहे.

राज्याचे नेतृत्व करून केंद्रीय सभागृहात जाणे हा संघराज्यीय राजकारणातील जुना मार्ग आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत अनेक राज्यांचे गव्हर्नर पुढे सिनेटर झाले. परंतु त्या शतकात सिनेटरची निवड मतदार करीत नसत, राज्यांची विधिमंडळे करीत. ज्याची विधिमंडळातील पक्षावर पकड, त्याचा वॉशिंग्टनचा मार्ग मोकळा, असे त्याचे स्वरूप होते. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने हा अधिकार थेट मतदारांकडे आला. भारतात लोकसभेची निवडणूक आरंभापासूनच प्रत्यक्ष आहे. तरीही बिनविरोध निवडीत मतपेटी उघडतच नाही. कायद्याने प्रतिनिधी मिळतो, मत मात्र कोणी दिलेले नसते.

नाशिकच्या बाबतीत हे अधिक विचार करण्याजोगे आहे, कारण अवघ्या सहा वर्षांपूर्वी याच मतदारसंघाने अगदी निराळा कौल दिला होता. १९५७ मध्ये येथून संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड निवडून आले. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे हे अग्रणी. काँग्रेसच्या पराभवाचे मुख्य कारण द्वैभाषिक मुंबई राज्य हे होते आणि त्या द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री यशवंतराव होते. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करावयाची झाल्यास आपण नेहरूंची करू, ही त्यांची भूमिका लोकांच्या मनात ताजी होती. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणास नेहरू आले, तेव्हा समितीने केलेली प्रचंड निदर्शने मुख्यमंत्र्यांच्याही विरोधात होती.

नाशिक जिल्ह्याचा चव्हाणांशी आणखी एक जुना हिशेब होता. ऑक्टोबर १९५६ मध्ये द्वैभाषिकाच्या विधिमंडळ पक्षाचा नेता निवडताना मोरारजी देसाई यांना एकमताची निवड हवी होती. मालेगाव परिसराचे नेते भाऊसाहेब हिरे यांनी उभे राहण्याचे ठरवल्यावर मोरारजींनी माघार घेतली व चव्हाण विरुद्ध हिरे अशी लढत झाली. गुजराती सदस्यांच्या पाठिंब्यासह चव्हाण विजयी झाले. कूळकायद्याशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या हिऱ्यांचा हा पराभव जिल्ह्यातील अनेकांना सहज पचणारा नव्हता. हिरे १९६१ मध्ये निवर्तले. म्हणजे ज्या जिल्ह्यातील नेत्याने १९५६ मध्ये 'एकमत' नाकारून लढत घडवली, त्याच जिल्ह्याने १९६३ मध्ये लढतीशिवाय निवड स्वीकारली. चरित्रग्रंथांत या दोन घटना क्वचितच एकत्र वाचल्या जातात.

मधल्या सहा वर्षांत काय घडले? समितीचा प्रश्न सुटला, हे पहिले कारण. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि विरोधकांना एकत्र बांधणारा धागाच तुटला. १९६२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. दुसरे कारण चव्हाणांची राजनीती. १९५८ मध्ये महार वतन रद्द करणारा कायदा झाला, राज्यस्थापनेनंतर नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळाल्या, १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, १९६१ मध्ये जिल्हा परिषदांचा कायदा आला. विरोधकाचा रास्त मुद्दा आपलासा करावयाचा आणि मग त्या विरोधकालाही सामावून घ्यावयाचे, या पद्धतीस 'बेरजेचे राजकारण' असे नाव मिळाले. तिसरे कारण युद्ध. ऑक्टोबर १९६२ पासून आणीबाणी लागू होती आणि संरक्षणमंत्र्यासमोर उमेदवार उभा करणे हे देशहिताच्या विरोधात जाण्यासारखे वाटावे, असे ते वातावरण होते.

चरित्रकार यांपैकी तिसऱ्या कारणावर भर देतात. ते चूक नसले तरी अपुरे आहे. युद्धाने निमित्त पुरवले. जमीन बेरजेच्या राजकारणाने आधीच तयार केली होती. या राजकारणाचे श्रेय मोठे आहे. कटुतेतून जन्मलेल्या राज्यास त्याने स्थैर्य दिले आणि ब्राह्मणेतर व दलित समाजांना सत्तेच्या रचनेत वाट करून दिली. परंतु बेरीज पूर्ण झाली की, समोर कोणी उरत नाही. नाशिकची बिनविरोध निवड हे त्या राजकारणाचे शिखर मानले जाते. ती त्याची मर्यादाही आहे. १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारणारे दादासाहेब गायकवाड १९६२ मध्ये राज्यसभेवर गेले आणि १९६७ मध्ये त्यांच्या रिपब्लिकन गटाने जिल्हा परिषद निवडणुकांसाठी काँग्रेसशी समझोता केला. त्यातून काही जागा आल्या, पण रिपब्लिकन पक्षातील फूट रुंदावली. भूमिहीनांचा प्रश्न मात्र कोणत्याही बेरजेत धरला गेला नाही.

नाशिकला या निवडीतून काय मिळाले, असे विचारताच ओझरच्या मिग विमान कारखान्याकडे बोट दाखवले जाते. या युक्तिवादाची छाननी हवी. मिग विमानांबाबत सोव्हिएत संघाशी झालेला करार १९६२ चा, म्हणजे चव्हाणांच्या आधीचा. उत्पादनाची विभागणी तीन ठिकाणी झाली : विमानाचा सांगाडा ओझर येथे, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे. देवळालीची छावणी व तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र यांमुळे नाशिकचे लष्कराशी नाते जुनेच होते. तथापि १९६४ मध्ये ओझरचा प्रकल्प उभा राहिला, तेव्हा संरक्षणमंत्री नाशिकचेच खासदार होते, हा योगायोग म्हणून सोडून देणे भाबडेपणाचे ठरेल. या कारखान्याने शेतीप्रधान तालुक्यांच्या मधोमध कुशल कामगारांचा नवा वर्ग निर्माण केला. नाशिकच्या औद्योगिकीकरणाचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येणार नाही. प्रकल्प हे उपकार म्हणून सांगितले जातात, तेव्हा मात्र मतदार याचक ठरतो.

१९६७ मध्ये चव्हाण सातारा मतदारसंघात गेले व पुढे तेथूनच निवडून येत राहिले. गृह, अर्थ, परराष्ट्र व अखेरीस १९७९ मधील उपपंतप्रधानपद हा पुढचा प्रवास सर्वज्ञात आहे. नाशिकविषयी त्यांनी स्वतः काय लिहिले असते, हे समजण्यास मार्ग नाही. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र १९४६ पाशीच थांबते, पुढील खंड होण्याआधीच २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे स्वीय सचिव राम प्रधान यांनी प्रकाशात आणलेली दैनंदिनी १९६५ च्या युद्धाची आहे. तिच्यातील मंत्री सेनापतींशी, पंतप्रधानांशी, सहकाऱ्यांशी बोलतो. मतदारसंघास तेथे जागा असणे अपेक्षितही नाही. १९८९ मध्ये नाशिक येथे त्यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या परिसरात ज्यांचे शिक्षण चालू आहे, त्यांच्या आजोबा-आजींना १९६३ च्या त्या पोटनिवडणुकीत मतदान केंद्रावर जावे लागले नव्हते.