वीसचा अंदाज, दहा हजारांची राजुरी

डेटाबेसला प्रश्न विचारला की उत्तर शोधायला निघण्यापूर्वी तो एक बेत आखतो. पोस्टग्रेस या डेटाबेसला ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ म्हटलं, की बेतातला अंदाज आणि प्रत्यक्षात घडलेलं, दोन्ही एकाच ओळीत छापून येतं. या मजकुराचे वाचक पूर्वी मोजकेच डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे तज्ज्ञ, होते. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये एआयला बाहेरच्या साधनांशी जोडणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी) खुला केला आणि एआय एजंटही हा मजकूर वाचू लागले. क्रिस्टल डीबीएचं ‘पोस्टग्रेस एमसीपी प्रो’ हे अशा वाचकासाठी घडवलेलं साधन आहे. त्याचं मर्म कळायला एक संथ क्वेरी समोर ठेवू.

समजा, राज्यभरातल्या दुधाच्या एका दहा दिवसांच्या पगाराच्या १ कोटी पावत्या एका टेबलात आहेत. मागितलंय एवढंच: गाव राजुरी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, प्रत्येक पावतीला उत्पादकाचं नाव जोडून द्या. गावात ५०० उत्पादक, सकाळ-संध्याकाळचं दूध, म्हणजे १०,००० पावत्या.

साधनाकडून मिळते ती जास्त वेळ खाणाऱ्या क्वेरींची यादी. ती पोस्टग्रेसच्याच ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’मधून येते. तिथे ‘राजुरी’ हा शब्द दिसत नाही, त्या जागी नुसती खूण असते. शेकडो गावांचे प्रश्न एकाच ओळीत मिसळलेले आणि पुढे सरासरी वेळ. पाच-दहा उत्पादकांच्या वाड्यांची उत्तरं झटकन येतात, त्यांच्या आड मोठ्या गावाची रखडपट्टी झाकली जाते. जाणता वाचक इथे थांबतो आणि खुणेच्या जागी खरं गाव घालून बेत पुन्हा मागवतो. ‘अ‍ॅनलाइझ’ म्हटलं की क्वेरी खरोखर चालते. म्हणून साधनाच्या मर्यादित पद्धतीत एजंटाला फक्त वाचायची मुभा आहे, तीही वेळेच्या बंधनात.

आता बेताची ओळ. अंदाज: २०. प्रत्यक्ष: १०,०००. सगळा रस या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. राजुरी नावाच्या गावांच्या पावत्या पाचशेत एक, जुन्नरच्या शंभरात एक, पुणे जिल्ह्याच्या दहात एक. बेत आखणाऱ्या प्लॅनरने तिन्हींचा गुणाकार केला. अटी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून गुणायचं, ही रीत पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांच्या १९७९ च्या आयबीएममधल्या निबंधापासून चालत आलेली. जुन्नर पुणे जिल्ह्यातच आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, प्लॅनरला ते कुणी सांगितलेलं नसतं.

वीसच ओळी येणार म्हणून त्याने नेस्टेड लूप निवडला: प्रत्येक पावतीसाठी उत्पादकांच्या टेबलात एक फेरी. खालच्या ओळीत वेळ दिसतो ०.४ मिलिसेकंद. नवखा वाचक तो वाचून पुढे जातो. पण हा वेळ एका फेरीचा असतो आणि फेऱ्यांचा आकडा त्याच ओळीच्या शेवटी असतो: १०,०००. गुणाकार करा, ४ सेकंद.

साधनातली सर्वांत देखणी युक्ती ‘हायपोपीजी’ या एक्स्टेन्शनवर उभी आहे. अस्तित्वातच नसलेला इंडेक्स आहे असं भासवून बेत नव्याने मागता येतो. डिस्कवर काही बांधायला नको, चालू कामाला धक्का नको. कल्पनेचा इतका काटकसरी वापर क्वचितच दिसतो. पण तिच्या मोहिनीतच धोका आहे. जो इंडेक्स नाही त्यावर क्वेरी चालवता येत नाही, त्यामुळे तिथे ‘अ‍ॅनलाइझ’ नाही. हाती उरतो तो पुन्हा प्लॅनरचा अंदाज, आणि इथे चुकला होता तो अंदाजच. गाव-तालुका-जिल्हा असा काल्पनिक इंडेक्स दाखवा; कागदावरचा खर्च घसरेल, दहा हजार फेऱ्या मात्र तशाच राहतील.

खरा उपाय आकडेवारीत आहे. पोस्टग्रेस १० मध्ये, २०१७ साली, ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ आलं. एका स्तंभावरून दुसरा ठरतो हे त्याने सांगता येतं. तालुक्यावरून जिल्हा ठरतो, तिथे ते चपखल बसतं. गावावरून तालुका मात्र ठरत नाही: राजुरी राहात्यात आहे, फलटणला आहे, करमाळ्यातही आहे. त्यासाठी २०१९ च्या आवृत्ती १२ मधली वारंवार येणाऱ्या जोड्यांची यादी हवी, आणि आपली राजुरी त्या यादीत येईल इतकी ती लांब ठेवायला हवी. मग अंदाज दहा हजारांच्या जवळ जातो आणि प्लॅनर आपणहून, उत्पादकांचं टेबल एकदाच वाचणाऱ्या हॅश जॉइनकडे वळतो.

या साधनाला मी दाद देतो ती त्याने दोन्ही आकडे एजंटासमोर उघडे ठेवले म्हणून. नुसता खर्चाचा आकडा वाचणारा एजंट इंडेक्स सुचवून मोकळा होईल. अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी ठेवून वाचणारा एजंट विचारेल, ‘ही राजुरी कुठली?’ साधनाच्या पुढच्या आवृत्तीने हा प्रश्न इंडेक्सच्या सल्ल्याआधी विचारायला लावावा.