बोकाजचे गोवे : उपहास आणि साक्ष

शहादे तालुक्यात प्रकाशे येथे गोमाईला पोटात घेणारी तापी पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या दक्षिणेस, त्याच किनाऱ्यावर, दमण आहे. मानुएल मारिया बार्बोझा दु बोकाज (१७६५–१८०५) हा पोर्तुगीज कवी १७८९ साली ह्याच दमणातून लष्करी चाकरी टाकून पळाला व पुढे मकावला पोहोचला. स्वदेशी त्याची गणना श्रेष्ठ सुनीतकारांत होते. मराठी अभ्यासकांस मात्र तो जवळजवळ अपरिचितच आहे.

नौदलातील उमेदवार अधिकारी म्हणून बोकाज १७८६ मध्ये गोव्यास आला. तेथील समाजावर त्याने रचलेली उपहासपर सुनीते गोव्याच्या अवनतीचा पुरावा म्हणून पुढे केली जातात. ऐश्वर्य ओसरल्यावरही उच्च कुळाचा डौल मिरविणारे लोक हे त्या उपहासाचे लक्ष्य आहे. पोकळ अभिमान हेरणारी त्याची दृष्टी तीक्ष्ण आहे, हे निर्विवाद होय. तथापि हा पुरावा कशाचा, हा प्रश्न उरतोच.

बोकाज गोव्यात असतानाच, १७८७ मध्ये, पिंटोंचा कट उघडकीस आला. पात्रता असूनही वरिष्ठ पदांपासून वंचित राहिलेले स्थानिक ख्रिस्ती धर्मगुरू व लष्करी अधिकारी त्यात होते. १७८८ मध्ये काहींना देहान्त शासन झाले. एतद्देशीयाच्या प्रतिष्ठेची आकांक्षा तेथे जीवनमरणाचा प्रश्न झाली होती. ह्या पार्श्वभूमीवर त्याचा कुलाभिमानाचा उपहास निरागस वाटत नाही. खरे कुळ कोणते व नकली कोणते, हे ठरविण्याचा अधिकार हसणाऱ्या युरोपीयाने गृहीतच धरलेला आहे.

त्याच्या आत्मपर सुनीतांतही हीच मर्यादा जाणवते. मांडवीचा तीर तेथे येतो, पण स्वतःच्या दुर्दैवावर शोक करण्याची जागा म्हणून. १५५३ साली गोव्यास आलेल्या कामोंइशच्या दैवात तो आपले दैव पाहतो. उलट, मायदेशी परतल्यावर त्याने घेतलेले ‘एल्मानो सादिनो’ हे काव्यनाम पाहावे. पहिला शब्द ‘मानोएल’ची अक्षरे फिरवून साधलेला, दुसरा, त्याच्या जन्मगावाजवळून वाहणाऱ्या सादो नदीवरून. सादोला नावात स्थान मिळाले. मांडवी केवळ पार्श्वभूमी राहिली.

म्हणून ही सुनीते त्याज्य ठरत नाहीत. मात्र ती वाचताना कोणाविषयी बोलले जात आहे ह्याबरोबरच कोण बोलत आहे, हेही पाहिले पाहिजे. गोव्याविषयी त्यांची साक्ष अपुरी आहे. साम्राज्याच्या उतरत्या काळातील पोर्तुगीज मनाविषयी ती अस्सल आहे.