पेशन्स लोडर हिच्या आठवणी : एक साधनपरीक्षण

उतारवयांत स्मरणानें लिहिलेला वृत्तांत इतिहासाचें साधन म्हणून कितपत घ्यावा, हा प्रश्न आपल्याकडील संशोधकांस नवा नाहीं. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची कडक झडती घेऊन अस्सल पत्रांस अग्रमान दिला, तेव्हांपासून हा वाद चालू आहे. त्याच वादावर प्रकाश पाडणारें एक परदेशीय साधन येथें परीक्षणास घेतलें आहे. पेशन्स लोडर या इंग्रज स्त्रीनें लिहिलेल्या आत्मवृत्ताची सँड्रा एली पेट्री या विदुषींनीं सिद्ध केलेली आवृत्ति २००६ सालीं अमेरिकेंतील यूटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या मुद्रणसंस्थेनें प्रसिद्ध केली. तत्पूर्वीं १९८२ सालीं मॉर्मन स्त्रियांच्या लेखांचा एक संग्रह निघाला, त्यांत या आत्मवृत्ताचा कांहीं भाग आलेला होता.

प्रथम बाईचें चरित्र थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पेशन्सचा जन्म १८२७ सालीं इंग्लंडांत ऑक्सफर्डशायर परगण्यांतील ॲस्टन रोवंट या खेड्यांत झाला. बाप जेम्स लोडर हा एका श्रीमंताच्या पदरीं माळी होता. आईचें नांव एमी. घरांत लेंकरें पुष्कळ, तेव्हां पेशन्सला लहान वयांतच चाकरीसाठीं बाहेर पडावें लागलें. पुढें कुटुंबानें मॉर्मन पंथाची दीक्षा घेतली. या पंथाच्या अनुयायांनीं यूटा प्रांतीं जाऊन राहावें अशी त्या काळीं आज्ञा होती. त्याप्रमाणें १८५५ च्या डिसेंबरांत 'जॉन जे. बॉइड' या जहाजानें लोडर मंडळी लिव्हरपूलहून निघालीं व पुढील फेब्रुवारींत न्यूयॉर्कला उतरलीं. बापाची अपेक्षा अशी कीं, पुढचा प्रवास बैलगाडीनें व्हावा. परंतु याच सुमारास पंथाच्या धुरीणांनीं दुसराच बेत ठरविला होता.

तो बेत म्हणजे हातगाड्यांचा. १८४९ सालीं स्थापिलेला स्थलांतर-निधि खर्चानें टेंकीस आला होता, आणि १८५५ सालीं यूटांत नाकतोड्यांनीं व अवर्षणानें पिकें बुडालीं. तेव्हां मुख्य धर्माधिकारी ब्रिगहॅम यंग यांनीं असें ठरविलें कीं, गरीब मंडळींनीं बैल व गाड्या यांचा खर्च न करतां दोनचाकी हातगाड्या स्वतः ओढीत आयोवा सिटीहून सॉल्ट लेक सिटीपर्यंतचे सुमारें १३०० मैल चालून यावें. माणशीं १७ रत्तल सामान नेण्याची मुभा होती. १८५६ पासून १८६० पर्यंत असे दहा तांडे निघून सुमारें तीन हजार माणसें त्यांतून गेलीं. आठ तांडे बरेचसे सुखरूप पोंचले. जे दोन उशिरां निघाले त्यांचा, म्हणजे विली व मार्टिन या नायकांच्या तांड्यांचा, बर्फांत घात झाला. लोडर मंडळी मार्टिनच्या तांड्यांत होती.

आतां साधनाच्या परीक्षणाकडे वळूं. हा वृत्तांत दैनंदिनी नव्हे. घडलेल्या गोष्टींस अनेक वर्षें लोटल्यावर उतारवयांत तो लिहिला आहे, व मधल्या काळांत त्या प्रवासाच्या आठवणी यूटाच्या सभासमारंभांतून पुनःपुनः सांगितल्या जाऊन त्यांस ठराविक रूप आलेलें होतें. बखरीचे सगळे दोष येथें संभवतात. सुदैवानें पडताळ्यास समकालीन साधनें आहेत. पेशन्सचा मेहुणा जॉन जॅक्स हा लिहितावाचता मनुष्य त्याच तांड्यांत होता. त्यानें रोजनिशी ठेविली, व शिवाय १८७८-७९ च्या हिंवाळ्यांत सॉल्ट लेकच्या 'डेली हेरल्ड' पत्रांत लेखमालाहि लिहिली. विलीच्या तांड्यांतील लेव्हाय सॅव्हेज याची दैनंदिनीहि उपलब्ध आहे. उशिरां निघूं नये असें त्यानें भर सभेंत सांगितलें होतें. त्याचें कोणी ऐकलें नाहीं, तरी तो तांड्याबरोबर गेला. या साधनांवर पेशन्सचा वृत्तांत घांसून पाहिला असतां काय निष्पन्न होतें, तें तीन प्रकरणांवरून पाहूं.

पहिलें प्रकरण बापाच्या अब्रूचें. पेशन्स लिहिते कीं, हातगाडीच्या बेतास आपला बाप नाखूष असल्याचें समजतांच त्यास धर्मभ्रष्ट ठरविण्यांत आलें, ही गोष्ट पंथाच्या छापील पत्रांत आली, व ती वाचून त्याच्या मनास इतकें लागलें कीं, हातगाडीच ओढून आपली निष्ठा सिद्ध करावयाची असा त्यानें निश्चय केला. एखाद्या लेंकीनें मृत बापाच्या कैवारासाठीं मागाहून रचलेली ही कैफियत आहे, असा संशय येणें साहजिक आहे. परंतु लिव्हरपूलहून निघणाऱ्या 'मिलेनियल स्टार' पत्राच्या १८५६ च्या जून महिन्यांतील अंकांत तें प्रकरण छापलेलें आहे. लोडर कुटुंबाकडून इंग्लंडला गेलेलें अडचणी सांगणारें पत्र आणि त्यास जॉन जॅक्सनें दिलेलें कठोर उत्तर, दोन्ही त्यांत आहेत. म्हणजे मुख्य मुद्द्यावर बाईची स्मृति अस्सल कागदाशीं जुळते. येथें आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. उत्तर लिहिणारा जांवईच पुढें इंग्लंडहून येऊन त्याच तांड्यांत सामील झाला, आणि सासरा सप्टेंबरच्या अखेरीस वाटेंतच वारला. छापील कागद फक्त वाद सांगतो. त्या वादाची किंमत काय पडली, तें पेशन्सच्या लेखावांचून कळत नाहीं.

दुसरें प्रकरण ऑक्टोबर महिन्यांतील हालांचें. तारखा जुळवून पाहतां क्रम असा दिसतो : १७ ऑक्टोबरच्या सुमारास डियर क्रीक येथें ओझें हलकें करण्यासाठीं सामानाची मर्यादा मोठ्या माणसास १० रत्तल व मुलास ५ रत्तल इतकी खालीं आणली, आणि पांघरुणें जाळून टाकलीं. १९ तारखेस नॉर्थ प्लॅट नदी शेवटची उतरली, आणि तत्काळ बर्फ पडूं लागलें. हें क्रमवार ज्ञान आपणांस मुख्यतः जॅक्सपासून मिळतें. पेशन्सच्या लेखांत तारखा विरळ आहेत आणि कालमानाचा भरंवसा धरतां येत नाहीं. परंतु एका थंडगार सकाळीं मुली अंथरुणांतून उठेनात, तेव्हां म्हाताऱ्या आईनें उभें राहून त्यांच्यापुढें नाच मांडला व मुद्दाम पडल्यासारखें केलें, आणि आई पडली असें वाटून मुली धांवत उठल्या, ही हकीकत कोणत्या रोजनिशींत सांपडणार? शकावलीसाठीं जॅक्स प्रमाण मानावा. माणसें कशीं तगलीं हें समजण्यास पेशन्स. दोहोंपैकीं एकाच्या नांवें दुसऱ्यास खोटें पाडण्याचा हव्यास व्यर्थ आहे.

तिसरें प्रकरण सर्वांत महत्त्वाचें, कारण त्यांत दंतकथा कशी जन्मास येते तें स्पष्ट दिसतें. २८ ऑक्टोबर रोजीं सॉल्ट लेकहून मदतीस आलेल्या लोकांनीं तांडा गांठला, व नोव्हेंबरच्या आरंभीं बर्फाळ स्वीटवॉटर नदी उतरण्याचा प्रसंग आला. त्यासंबंधीं प्रचलित कथा अशी : अठरा वर्षांच्या तीन तरुणांनीं तांड्यांतील बहुतेक सर्वांस खांद्यावरून पलीकडे नेलें, त्या श्रमांनीं ते तिघेहि पुढें मेले, हें ऐकून ब्रिगहॅम यंग रडले व एवढ्या एका कृत्यानें त्यांस मोक्ष मिळेल असें बोलले. ही कथा सॉलोमन किंबॉल याच्या १९१४ सालच्या मासिक-लेखांतून पसरली. घटना व लेख यांत ५८ वर्षांचें अंतर, आणि लेखक त्या तिघांपैकीं एकाचा सख्ख्या नात्यांतला. आपल्याकडे एखाद्या घराण्याच्या कुलवृत्तांतांतील पराक्रम असाच तपासून घ्यावा लागतो.

चॅड ऑर्टन या संशोधकानें २००६ सालीं या कथेचा कसून पडताळा पाहिला. त्यानें दाखविलें कीं, मदत करणारे तिघांहून अधिक होते. सर्वच माणसांस उचलून नेलें नाहीं, कित्येक स्वतः पाण्यांतून चालत गेले. आणि तिघेहि अठरा वर्षांचे नव्हते. त्यांपैकीं ग्रँट १८७२ त, डेव्हिड किंबॉल १८८३ त व हंटिंग्टन १८९६ त वारला. म्हणजे प्रसंगानंतर अनुक्रमें १६, २७ व ४० वर्षांनीं. आतां पेशन्सचा लेख पाहावा. तिच्या आईनें आभार मानून आशीर्वाद दिला, तेव्हां पाण्यांत उभा असलेला किंबॉल खेंकसल्यासारखें बोलला. आईस तो आडदांड वाटला. पण हीं माणसें वरून राकट व आंतून प्रेमळ असल्याचें पुढें कळलें, असें ती सांगते. तो माणूस इतका वेळ पाण्यांत राहिला कीं, त्यास उचलून तळावर न्यावें लागलें, आणि जन्मभर त्यास संधिवाताची व्यथा जडली, असेंहि ती नमूद करते.

या दोन वृत्तांतांची तुलना शिकविण्याजोगी आहे. पेशन्सच्या लेखांत वीर आहे तो शिवी हासडणारा, थंडीनें आखडलेला व पुढें सांधे धरून जगलेला मनुष्य. १९१४ च्या लेखांत तोच प्रसंग हुतात्म्यांची कथा झाला आहे. दोन्ही उत्तरकालीनच, परंतु एकीस पाण्याचा स्पर्श आहे आणि दुसरीस व्यासपीठाचा. यावरून नियम असा निघतो कीं, उत्तरकालीन साधन म्हणून सर्वांस एकाच तराजूंत घालूं नये. लेखक प्रत्यक्षदर्शी होता काय, आणि त्याच्या मजकुरांत कथेच्या सोयीस न मानवणारे तपशील उरले आहेत काय, हे दोन प्रश्न आधीं विचारावे. संधिवात व शिवी हे असे न मानवणारे तपशील होत. ते बनविण्याचें कोणास कारण नव्हतें.

तथापि पेशन्सचा प्रत्येक शब्द प्रमाण मानावा असा याचा अर्थ नव्हे. गाडी ओढीत असतां एक अनोळखी पुरुष पुढें आला, त्यानें नांव विचारून पुढें साह्य मिळेल असें सांगितलें व तो दिसेनासा झाला, असा एक प्रसंग तिनें लिहिला आहे. भाविक वाचक यास देवदूत म्हणतो, संशयी वाचक उपासमारीनें झालेला भ्रम म्हणतो. संशोधकानें दोहोंच्या मध्यें उभें राहावें. बखरींतील देवीच्या दृष्टांतांबद्दल आपण जी शिस्त पाळतों तीच येथें पाळावी : दृष्टांत घडला कीं नाहीं याचा निवाडा न करतां, लिहिणारीस तो घडल्याची खात्री होती व त्या खात्रीनें ती चालत राहिली, एवढें ऐतिहासिक सत्य पदरांत घ्यावें.

आमची खरी तक्रार या साधनाविषयीं नसून त्याच्या उपयोगाविषयीं आहे. स्मरणग्रंथकारांनीं या वृत्तांतांतून केवळ १८५६ सालचे चार महिने उचलले. ३० नोव्हेंबरला तांडा सॉल्ट लेकला पोंचला कीं, त्यांच्या दृष्टीनें पेशन्सचें आयुष्य संपलें. वस्तुतः त्यापुढील भाग तितकाच मोलाचा आहे. १८५८ सालीं यूटांत अमेरिकी सरकारचें सैन्य येऊन कँप फ्लॉइड येथें राहिलें. पंथाचे लोक त्यास शत्रुवत् मानीत. त्या सैन्यांतील जॉन रोझा या हंगेरियन जमादाराशीं पेशन्सनें त्याच वर्षाच्या अखेरीस लग्न केलें. १८६१ त यादवी युद्ध जुंपल्यावर ती नवऱ्याबरोबर पूर्वेस वॉशिंग्टनकडे गेली. युद्ध संपल्यावर परततांना १८६६ त फोर्ट कर्नी येथें नवरा वारला, आणि पोरांसह ती विधवा पुन्हा तेंच माळरान तुडवीत यूटास आली. पुढें खाणीवरील मजुरांचा स्वयंपाक करून तिनें संसार चालविला, व आर्चर नांवाच्या गृहस्थाशीं दुसरा विवाह केला. नव्वदी ओलांडून ती वारली. पंथाची निष्ठावंत, शत्रुसैन्यांतील शिपायाची बायको, आणि पोटासाठीं राबणारी विधवा, या तिन्ही पेशन्स एकाच हस्तलिखितांत आहेत. त्यांतील एकच निवडणारा ग्रंथकार साधनाचा उपयोग करीत नाहीं, विच्छेद करतो. पेट्री यांच्या आवृत्तीचा मोठा गुण हा कीं, तिनें समग्र वृत्तांत बाईच्या अशुद्ध, विरामचिन्हरहित लेखनासह वाचकांपुढें ठेविला. शुद्धलेखन सुधारलेला पाठ वाचण्यास सोपा जातो. पण लहानपणीं चाकरीस गेलेल्या मुलीचा तो आवाज राहात नाहीं.

हानीचा आंकडा शेवटीं दिला पाहिजे. मार्टिनच्या तांड्यांत सुमारें ५७५ माणसें होतीं. त्यांतील १३५ ते १५० वाटेंत दगावलीं. दोष कोणाचा, यावर अद्याप वाद आहे. पेशन्स दोषाची वांटणी करीत बसत नाहीं. मात्र तिच्या बापाचें प्रकरण वाचल्यावर, शंका घेणारास धर्मभ्रष्ट म्हणण्याची जी रीति, तीच उशिरां निघण्याच्या घोडचुकीच्या मुळाशीं होती, असें आमचें मत झालें आहे. सॅव्हेजचें ऐकलें गेलें नाहीं, तेंहि याच रीतीमुळें.

महाराष्ट्रांतील संग्राहकांनीं या विषयाकडे लक्ष द्यावें यास एक कारण आहे. ह्यू फिंडले हा मॉर्मन उपदेशक १८५१ सालीं मुंबईस उतरला व पुढें पुण्याच्या लष्करांत त्यानें आपलें कार्य चालविलें. लेव्हाय सॅव्हेज हाहि हातगाड्यांच्या प्रवासापूर्वीं ब्रह्मदेशांत उपदेशार्थ राहून गेलेला होता. आणि विलीच्या तांड्यांत एलिझाबेथ टेट ही हिंदुस्थानांतून निघालेली स्त्री होती. छावण्यांचीं दप्तरें, देवळांच्या नोंदवह्या, त्या काळचीं मुंबईचीं वृत्तपत्रें व छापील पत्रकें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं या नांवांवर नजर ठेवावी. ओळीभराची अस्सल नोंदहि अशा चरित्रास दंतकथेंतून सोडवून इतिहासांत आणूं शकते.