ब्लेकचे सतरा ठोकळे व त्यांचा मूळ पाठ

पोथी जीर्ण झाली म्हणून तिचे कांठ कातरून ती नव्या पुठ्ठ्यांत बसवावी, आणि कांठांबरोबर समासांतल्या टीपाही नाहींशा व्हाव्या, हा अनुभव हस्तलिखितें गोळा करणारांस नवा नाहीं. राहिलेला मजकूर नीट वाचतां येतो, एकही ओळ गळत नाहीं, आणि तरी ती पोथी ती राहत नाहीं. इंग्रज कवि व कोरक विल्यम ब्लेक याच्या सतरा चिमुकल्या लांकडी ठोकळ्यांची गत अशीच झाली. डॉ. थॉर्नटन यानें शाळेंतील मुलांसाठीं सिद्ध केलेल्या व्हर्जिलच्या गोपगीतांच्या १८२१ च्या आवृत्तींत त्यांचे छाप आहेत. त्यांच्या स्वप्नमय सौंदर्याविषयीं रसिकांनीं पुष्कळ लिहिलें आहे. कातरलेल्या कांठांचा उल्लेख बहुधा एका वाक्यांत आटोपतो. आमच्या मतें परीक्षणास आरंभ त्या कांठांपासून व्हावयास पाहिजे.

प्रथम कृतीविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. शिलालेखाचा ठसा ज्यानें घेतला आहे त्याला ती समजण्यास अडचण पडणार नाहीं. दगडावर कागद बसवून शाईची गादी फिरविली म्हणजे सपाट भाग काळा होतो व खोदलेलें अक्षर पांढरें राहतें. ब्लेकचा ठोकळा याच न्यायानें छापतो. कोरणीनें जें काढून टाकलें तें पांढरें, जें राहूं दिलें तें काळें. ताम्रपटावरील कोरीव चित्राची रीत याच्या उलट. तेथें शाई खांचेंत भरावयाची असते, व म्हणून खांच म्हणजे काळी रेघ. ब्लेकचा सगळा जन्म या दुसऱ्या धंद्यांत गेला होता. साठी उलटलेल्या माणसानें काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें करून विचार करावयास शिकणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि ही कल्पना त्याला अगदींच नवी नव्हती. १७८८ च्या सुमारास त्यानें तांब्याच्या पत्र्यावरील अक्षरें व चित्रें आम्लानें उठावांत आणण्याची स्वतःची रीत काढली, व तिनेंच आपल्या कविता छापल्या. १८०७ च्या सुमारास त्यानें आपल्या टिपणवहींत कथील-शिशाच्या मऊ मिश्रधातूच्या पत्र्यावर व तांब्यावर लांकडी ठशासारखें काम कसें करावें याच्या कृति टिपून ठेविल्या आहेत. लांकडाला मात्र त्यानें या एका पुस्तकासाठींच हात लाविला. तत्पूर्वीं नाहीं व नंतरही नाहीं. लांकूड होतें बॉक्स या झाडाचें, अतिशय कठीण व घट्ट कणाचें. खोड आडवें कापून त्याच्या छेदावर कोरल्यास कोरणी कोणत्याही दिशेला सारखी चालते. या रीतीला टॉमस ब्यूइक यानें आपल्या १७९० च्या चतुष्पादांच्या व १७९७ आणि १८०४ च्या पक्ष्यांच्या ग्रंथांनीं प्रतिष्ठा मिळवून दिली होती. बॉक्सचें खोड बारीक, म्हणून ठोकळाही लहान. ब्लेकचें मुखचित्र सोडलें तर बाकीचीं सोळा चित्रें उंचीला दीड इंचाहून कमी व रुंदीला सुमारें तीन इंच आहेत.

आतां पुस्तकाचा इतिहास. थॉर्नटन हा धंद्यानें वैद्य व छंदानें वनस्पतिशास्त्रज्ञ. चित्रकार लिनेल यानें १८१८ मध्यें त्याची ब्लेकशीं ओळख करून दिली. ब्लेककडे आलेलीं चित्रें प्रत्यक्ष व्हर्जिलचीं नव्हत, तर पहिल्या गोपगीताचें अॅम्ब्रोज फिलिप्स यानें जें इंग्रजी अनुकरण केलें होतें त्याचीं होतीं. मूळ काव्याशेजारीं देशी अनुकरण ठेवून मुलांना वाचावयास लावणें ही युक्ति आम्हां शिक्षकांस वाईट वाटणार नाहीं. ब्लेकनें वीस आरेखनें केलीं. गिलक्रिस्टनें १८६३ च्या चरित्रांत दिलेल्या हकीकतीप्रमाणें धंदेवाईक कोरक त्या ठोकळ्यांना हंसले, व सर्व पुनः कोरवून घ्यावे असें ठरत आलें होतें. परंतु सर टॉमस लॉरेन्स, जेम्स वॉर्ड, लिनेल प्रभृति चित्रकारांनीं एका मेजवानींत त्यांची वाखाणणी केली, व संपादक थबकला. तोंपर्यंत तीन चित्रें दुसऱ्या हातानें कोरून झालीं होतीं. तीं तशींच छापलीं. उरलेल्या सतरांना थॉर्नटननें एक टीप जोडली, तिचा आशय असा कीं यांत कौशल्य कमी व प्रतिभा अधिक असून कांहीं नामांकित चित्रकार यांची फार प्रशंसा करितात.

या टीपेबद्दल थॉर्नटनची चेष्टा करण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो अन्यायाचा वाटतो. दुसऱ्यांच्या भरंवशावर कां होईना, त्यानें न आवडलेली गोष्ट छापली. किती संपादक असें करितील? त्याचा खरा अपराध दुसरा आहे व तो टीपेखालीं झांकला गेला. ब्लेकनें चार चार चित्रें एका ठोकळ्यावर कोरलीं होतीं. ते तोडून वेगळे केले, आणि चारी चित्रें एका पानांत एकाखालीं एक बसेनात म्हणून त्यांच्या कडा कापल्या. उठावाचा ठोकळा खिळ्यांबरोबर एकाच चौकटींत आंवळावा लागतो, तेव्हां मुद्रकाची अडचण खोटी नव्हती. पण प्रतिभेची क्षमा मागून झाल्यावर करवत चालविली, आणि तिची क्षमा कोणी मागितली नाहीं.

एवढ्याशा चित्राची कड कापली तर काय बिघडलें, असा प्रश्न निघेल. याचें उत्तर या कामाच्या घडणींतच आहे. ब्लेकच्या चित्रांत अंधार हा आधीं असतो. प्रकाश त्यांतून कोरून काढिलेला असतो. वादळानें आडव्या झालेल्या पिकाचें चित्र घ्या. चंद्राची कोर, वाऱ्यानें झोडपलेलें झाड, लवलेलीं कणसें. पांढऱ्या रेघा मोजक्याच आहेत. आमच्या अलंकारशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर रेघ ही वाच्य आणि सभोंवतालचा काळोख हा व्यंग्य. मोठ्या चित्राची कड गेली तर कांहीं वाच्य जातें. येथें कड जाते ती ज्याच्यावर सारा अर्थ टेकला आहे त्या व्यंग्याची. डोंगरामागें रान आहे असें जें वाटावयाचें तें वाटेनासें होतें, व चित्र पेटींत कोंबल्यासारखें दिसतें.

सगळींच चित्रें सारख्या तोलाचीं आहेत असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. थेनॉट व कॉलिनेट जेवावयास बसले आहेत तें चित्र व चांदण्यांतलें पीक हीं पहिल्या पंक्तीचीं. घरासमोर जमिनीवर रूळ फिरविणाऱ्या माणसाच्या चित्रांत एका म्हणीचा शब्दशः अर्थ काढिला आहे. तें आम्हांस नीरस वाटतें. माणसांचे हातपाय कोठें कोठें गांठीसारखे झाले आहेत, आणि चुकलेला फटका लांकडांत बुजवितां येत नाहीं. वाटसरू मैलाच्या दगडापाशीं येतो त्या चित्रांत लंडनचें अंतर रोमन आंकड्यांनीं बासष्ट मैल दिलें आहे. हीं अक्षरें ठोकळ्यावर उलटीं कोरावीं लागलीं असतील हें ध्यानांत घेतलें, म्हणजे ज्या हाताला अनाडी म्हटलें तो कोणत्या सफाईचा होता याचा थोडा अंदाज येतो.

सॅम्युएल पामर व एडवर्ड कॅल्व्हर्ट या तरुणांनीं ही चित्रें गुरुस्थानीं मानिलीं. कॅल्व्हर्टचें १८३१ चें शयनगृहाचें चिमुकलें लांकडी चित्र बारकाईंत ब्लेकच्या पुढें जातें, यांत शंका नाहीं. तें पाहून डोळा तृप्त होतो. ब्लेकचें पाहिल्यावर तो भटकत राहतो.

आतां प्रमाण प्रत कोणती? ठोकळे लिनेलच्या घराण्यांतून १९३९ मध्यें ब्रिटिश म्यूझियमकडे आले, व १९७७ मध्यें त्यांवरून नवे छाप काढून प्रसिद्ध झाले. १८२१ च्या छपाईंत बुजलेल्या बारीक रेघा त्यांत स्वच्छ दिसतात. पण स्वच्छ दिसतो तो कातरलेला पाठच. तोडण्यापूर्वींचे छाप फक्त आठ चित्रांचे उपलब्ध आहेत, दोन कागदांवर चार चार. ब्लेकचा पाठ तो हा; शाई फिकी असो वा गडद, तो आधीं छापावा. बाकीच्या आठ चित्रांपुढें त्यांचीं मूळ आरेखनें शेजारीं देऊन कोणत्या बाजूनें किती गेलें तें रेघ मारून दाखवावें, जसें आपण त्रुटित पोथी छापतांना गळलेल्या अक्षरांच्या जागीं टिंबें देतों.