मतदारयादीची जन्मकथा

ज्या पुस्तकांत स्वतःचें नांव छापलेलें असून जें आपण कधींच उघडून पाहत नाहीं, असें पुस्तक म्हणजे मतदारयादी. हैफा विद्यापीठांतील विदुषी ओर्नित शानी यांचा ‘हाउ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक’ हा २०१८ सालचा ग्रंथ वाचला, तेव्हां या नीरस यादीसहि चरित्र असतें हें आम्हांस पटलें. पुण्यांत गेलीं दहाबारा वर्षें यादीवरून जे वाद होत आले ते पाहतां, या ग्रंथाचा परामर्श येथें घेणें उचित होईल.

ग्रंथाचा विषय थोडक्यांत असा. १९३५ च्या कायद्याखालीं मताचा अधिकार मालमत्ता, करभरणा, शिक्षण अशा अटींनीं जखडलेला होता. संविधान-सभेच्या सचिवालयानें, बी. एन. राव यांच्या मार्गदर्शनाखालीं, संविधान मंजूर होण्याची वाट न पाहतां, मार्च १९४८ मध्यें प्रौढ मताधिकाराच्या पायावर याद्या तयार करण्याच्या सूचना धाडल्या. लोक आधीं मतदार झाले आणि मग नागरिक, हा ग्रंथाचा मुख्य सिद्धांत होय.

तो सिद्धांत लेखिकेनें निर्वासितांच्या उदाहरणानें उत्तम पटवून दिला आहे. फाळणीनें उखडलेलीं माणसें ठिकठिकाणीं येऊन पडलीं होतीं. पुण्यालगत पिंपरीसहि त्यांची वसाहत झाली. यादींत येण्यास १८० दिवसांचें वास्तव्य हवें. तें यांच्यापाशीं कोठून असणार? तेव्हां येथेंच कायम राहण्याचा इरादा त्यांनीं जाहीर केला कीं पुरे, असें ठरलें. आसामांत कांहीं अधिकारी त्यांस बाहेर ठेवूं पाहत होते. तेथील मंडळांनीं दिल्लीस पत्रें लिहिलीं, आणि सचिवालयानें त्यांची दखल घेऊन प्रांतास विचारणा केली. हा पत्रव्यवहार ग्रंथाचा सर्वांत रसाळ भाग आहे. लिहिणाराचें मत उद्यां कोणास पडेल, हें पाहून उत्तर धाडल्याचें त्यांत आम्हांस कोठें दिसलें नाहीं.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादींत सुमारें १७ कोटि नांवें होतीं. परंतु सुमारें २८ लक्ष स्त्रियांनीं अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढेंच सांगितलें, म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं त्या नोंदी गाळल्या. आमच्याकडे पतीचें नांव उखाण्यांत घेण्याची रीत. येथें संकोच स्वतःच्याच नांवाचा होता. या कठोरपणानेंच पुढें स्त्रीला तिचें नांव मिळालें, असें कोणी म्हणेल. आम्हांस मात्र तो सौदा त्या २८ लक्षांस फार महाग पडला असें वाटतें.

आतां आपल्या शहराकडे वळूं. १७ एप्रिल २०१४ रोजीं लोकसभेच्या मतदानास गेलेल्या अनेक पुणेकरांस, यादींत नांव नाहीं म्हणून परत फिरावें लागलें. हातांत ओळखपत्र होतें. पण ओळखपत्र म्हणजे यादी नव्हे, हें त्यांस त्या दिवशीं कळलें. मुंबईंतहि तसेंच घडलें, आणि निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनीं लोकांची क्षमा मागितली. त्या वेळीं भाजपनें पुण्यांत या प्रकरणीं आवाज उठविला. पुढें त्याच पक्षाचे अनिल शिरोळे तीन लाखांवर मताधिक्यानें निवडून आले. विजयानंतर यादी कोणास आठवते?

दहा वर्षांनीं पारडें फिरलें. २०२४ च्या लोकसभा व विधानसभा या दोन निवडणुकांच्या दरम्यान राज्यांत ३९ लक्ष मतदार वाढले कसे, असा सवाल राहुल गांधी यांनीं फेब्रुवारी २०२५ मध्यें केला; आयोगानें आक्षेप फेटाळला. १ नोव्हेंबर २०२५ रोजीं महाविकास आघाडी व मनसे यांनीं मुंबईंत ‘सत्याचा मोर्चा’ काढला. लागलीच भाजपच्या नेत्यांनीं विरोधकांच्या मतदारसंघांतील दुबार नांवें पुढें मांडलीं. १५ जानेवारी २०२६ च्या पुणें महानगरपालिका निवडणुकीपूर्वीं प्रारूप याद्या निघाल्या, तेव्हांहि एका प्रभागांतलीं नांवें दुसऱ्यांत गेल्याच्या तक्रारी झाल्या.

ज्यास जो दोष बोचतो तेवढाच त्यास दिसतो. आणि या गदारोळांत एक भेद दृष्टीआड होतो. दुबार नांव हा दोष खराच. पण त्यावर दुसरें मत टाकावयास कोणी तरी खोटेपणानें यावें लागतें. गळालेल्या नांवाचें तसें नाहीं. तें गळतांच एक मत मेलें, आणि ज्याचें मेलें त्यास तें मतदानाच्या दिवशींच कळतें. म्हणून याद्या शुद्ध करा असें म्हणणारानें, तो कोणत्याहि पक्षाचा असो, नांव कमी करण्यापूर्वीं त्या माणसास विचारलें काय, हा प्रश्न आधीं केला पाहिजे. कायद्यानेंहि त्यास आपलें म्हणणें मांडण्याची संधि ठेविली आहे.

ग्रंथांत उणीव नाहीं असें नाहीं. शानीबाई दप्तरांत रमतात. दारोदार नांवें लिहीत हिंडलेला कारकून आणि उंबऱ्याआड उभी राहिलेली ती बाई, यांचे आवाज क्षीण ऐकूं येतात. राजकीय पक्षहि पार्श्वभूमीलाच राहतात. शिवाय जन्मकथा सांगून ग्रंथ थांबतो, आणि यादी तर पुनःपुन्हां जन्मास येते: पूर्वीं १ जानेवारी हा एकच पात्रतादिन होता, २०२२ पासून वर्षांतून चार झाले.

तरीहि सुशिक्षित कुटुंबांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा. १९४८ सालीं ज्यांनीं पत्रें लिहिलीं, त्यांनीं तीं निवडणुकीच्या तीन वर्षें आधीं लिहिलीं. आपण तक्रार करतों ती निकालानंतर. ग्रंथ वाचून झाल्यावर प्रारूप यादीहि उघडून पाहावी, आणि स्वतःच्या नांवाबरोबर शेजाऱ्याचेंहि शोधावें. तो कोणास मत देतो हें ठाऊक असलें तरी.